आधी गिटारचं झिरोइंग करा

नव्यानं गिटार हातात घेणाऱ्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो असा : "बोटं दुखणारच. रक्त आल्याशिवाय गिटार येत नाही." सांगणारा हे मोठ्या अभिमानानं सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, तीन आठवडे दात-ओठ खाऊन बसतो आणि चौथ्या आठवड्यात गिटार कपाटावर जाते. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मामानं भाच्याला घेऊन दिलेली गिटार, रिटायरमेंटनंतर शिकू म्हणून काकांनी आणलेली गिटार, कंपनीच्या बराकीत पलंगाखाली पडलेली गिटार. देशभर पोस्टिंग फिरताना अशी गिटार मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहिली आहे. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं : "आपल्यात ते नाही."

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा दोष मालकात नसतो, त्याच्या हातातल्या गिटारमध्ये असतो. आणि हे ज्यांना माहीत असायला हवं ते, म्हणजे विकणारे आणि शिकवणारे, बोलत नाहीत. उलट दुखण्यालाच गुरू करून टाकतात. या प्रकाराविरुद्ध मला आज जरा स्पष्ट लिहायचं आहे. दुखण्याबद्दल बोलायचा थोडाफार अधिकार आमच्या पेशाला आहे असं मी धरून चालतो. खडकवासल्याला तीन वर्षं काढलेल्या माणसाला रगडा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नसते.

फायरिंग रेंजवर एक साधी गोष्ट प्रत्येक रिक्रूटला शिकवतात. पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही टार्गेटवर इकडेतिकडे विखुरल्या, तर चूक फायररची : श्वास, पकड, ट्रिगर, काहीतरी बिघडलंय. पण पाचही गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या आणि सगळ्याच मध्यापासून चार बोटं डावीकडे, तर फायरर बरोबर आहे, रायफल झिरो झालेली नाही. मग उस्ताद पोराला शिव्या घालत बसत नाही. तो साइट सरकवतो. झिरो न केलेल्या रायफलवर कुणाची क्लासिफिकेशन घेतली आणि त्याला नापास केलं, तर त्या उस्तादाचीच चौकशी लागेल.

गिटारच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. झिरो न केलेलं वाद्य पोराच्या हातात देतो, नेम चुकला की पोराला नापास करतो, आणि वर सांगतो की बेटा, संगीत रक्तात असावं लागतं.

आता वाद्याचं झिरोइंग म्हणजे काय ते पाहू. गिटारच्या तारा आणि मानेवरचे पडदे, म्हणजे फ्रेट, यांच्यात जे अंतर असतं त्याला ॲक्शन म्हणतात. ते बाराव्या फ्रेटवर मोजतात. लोखंडी तारांच्या अकूस्टिक गिटारवर सर्वांत जाड तारेखाली साधारण २.४ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली साधारण १.६ मिलिमीटर हे वाजवायला सुखाचं अंतर. स्वस्तातल्या गिटारवर ते साडेतीन, चार, कधी त्याहूनही जास्त असतं. एक-दीड मिलिमीटरनं काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं : तार जितकी उंच, तितकी ती जास्त दाबावी लागते. जितकी जास्त दाबली, तितकी ती ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे नवशिक्या दुप्पट जोर लावतो, दुप्पट दुखवून घेतो आणि वर बेसूरही वाजतो. तिन्ही शिक्षा एकाच गुन्ह्याच्या, आणि गुन्हा त्याचा नाहीच.

मोजायला यंत्र लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, जगभर सारखी. उठावाचे आकडे नसलेली सपाट कार्डं घ्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली तीन कार्डांची चळत तार न उचलता जेमतेम सरकली, बारीक तारेखाली दोन सरकली, तर गिटार ठीक आहे. जाड तारेखाली चार सहज आणि पाचवंही घुसत असेल, तर ती गिटार शिकण्यासाठी नाही, भिंतीवर लावण्यासाठी आहे. निदान दुरुस्त होईपर्यंत तरी. एटीएम, कॅन्टीन कार्ड, लायसन्स, घरात मिळून पाच कार्डं कुणाकडेही निघतात. ती खिशात घेऊन दुकानात जा. दुकानदार हसेल, हसू द्या.

दुसरी तपासणी मानेच्या टोकाची. तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथं एक खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारा विनाकारण उंच राहतात, आणि नवशिक्याचं सगळं आयुष्य याच तीन फ्रेटवर जातं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून पाहा. लावताच तेच कॉर्ड एकदम मऊ वाटले, तर नट उंच आहे, तुमची बोटं नालायक नाहीत. पुष्कळांची शाळा ज्या एफ कॉर्डवर सुटते, तो कॉर्ड नेमका नटाला खेटून पहिल्या फ्रेटवर, सहा तारांवर आडवं बोट टाकून धरायचा असतो. हीच आकृती पाचव्या फ्रेटवर नेली की ए कॉर्ड होतो आणि जोर पुष्कळ कमी लागतो. हात तोच, बोटं तीच. फरक फक्त नटापासूनच्या अंतराचा.

तिसरी गोष्ट तारांची. लोखंडी तारांचा जो 'लाइट' म्हणून विकला जाणारा १२ गेजचा संच असतो, त्याचा सहा तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या पुढे जातो. १० गेजचा संच घातला तर तो साठच्या आसपास येतो. शिवाय ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे सगळ्या तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या तर ताण सुमारे ११ टक्के घटतो, पूर्ण सुरानं उतरवल्या तर जवळजवळ २० टक्के. मूळ पट्टी हवी असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. यात एक पैसाही खर्च होत नाही. नवशिक्यांपैकी किती जणांना हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं? मला भेटलेल्यांपैकी कुणालाच नाही.

"हे सगळे लाड झाले," असं म्हणणारे आहेत. एका शहरातल्या एका शिक्षकानं मला तोंडावर सांगितलं, "सर, तुम्ही फौजी असून असं बोलता? बारीक तारा मुलींसाठी." हे वाक्य दोन्ही अर्थांनी चुकीचं आहे. मुलींबद्दल काय बोलावं ते त्यांच्याकडे असलेल्या मुलींनीच त्यांना ऐकवावं. तारांबद्दल मी सांगतो.

बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे तारा खालच्या सुरात उतरवल्या. त्या ढिल्या, उतरलेल्या तारांतून 'ब्लॅक सबाथ'चा तो जड आवाज घडत गेला. त्याला उमेद मिळाली ती जांगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकून. जांगोचा डावा हात १९२८ साली त्याच्या बिऱ्हाडाच्या गाडीला लागलेल्या आगीत भाजला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट जवळजवळ निकामी झालं. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं युरोपातल्या जॅझचं गिटार उभं केलं. या दोघांना दुखणं कमी पडलं असं कुणी म्हणणार नाही. पण दोघांनीही दुखण्याची पूजा केली नाही. हात जसा उरला तसं वाद्य आणि वाजवण्याची रीत बदलून घेतली. याला लाड म्हणत नाहीत, अक्कल म्हणतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : "मोठमोठे वादक भंगार गिटारवरच शिकले." खरं आहे, पुष्कळ जण शिकले. पण ही गोष्ट सांगायला कोण उरलं? जे टिकले तेच. भंगार गिटारवर ज्यांनी महिन्याभरात हात टेकले, त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही. लढाईचा अभ्यास फक्त परत आलेल्यांच्या गोष्टींवरून करायचा नसतो, हे आम्हाला फार लवकर शिकवतात. जे परतले नाहीत त्यांचीही यादी समोर ठेवावी लागते. गिटारच्या शिक्षणात ती यादी कुणी ठेवतच नाही.

म्हणजे बोटं मुळीच दुखणार नाहीत का? दुखतील. पोटऱ्यांना दोन-चार आठवड्यांत घट्टे... चुकलो, पोटऱ्यांना नव्हे, तो विषय पीटी परेडचा. बोटांच्या टोकांना दोन-चार आठवड्यांत घट्टे पडतात, तोवर थोडी जळजळ राहते. ती चालेल. ओल्या बोटांनी वाजवू नका, रोज थोडं वाजवा, घट्टे नीट बसतात. पण मनगट, अंगठ्याचं मूळ, कोपर इथं दुखायला लागलं तर थांबायचं. ते शिकण्याचं दुखणं नाही, काहीतरी चुकत असल्याचा इशारा आहे. बोट फ्रेटच्या अगदी मागे, लोखंडी पट्टीला जवळजवळ टेकून ठेवा आणि आवाज स्वच्छ येईल इतकाच दाब द्या. एक प्रयोग करा. तारेवर बोट नुसतं ठेवा, दुसऱ्या हातानं छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. ज्या क्षणी भणभण जाऊन सूर मोकळा होतो तिथं थांबा. तेवढाच जोर लागतो. आपण लावत असलेल्या जोरापेक्षा तो किती कमी आहे हे पाहून बहुतेक जण चकित होतात.

रगडा द्यायचाच असेल तर तो योग्य जागी द्या. शिकवण्याच्या पद्धतीत मला रगडा कुठेच दिसत नाही. तिथं सगळी घाई. सात दिवसांत गिटार, चार कॉर्डमध्ये शंभर गाणी, दुसऱ्याच आठवड्यात एफ, आणि पहिल्या दिवसापासून गाणं मूळ वेगात. ड्रिल स्क्वेअरवर असं केलं तर पहिल्याच 'पीछे मुड'ला अर्धी तुकडी पूर्वेला आणि अर्धी पश्चिमेला तोंड करून उभी राहील. म्हणून तिथं आधी गिनतीनं शिकवतात. हालचालीचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर थांबा, दुरुस्ती, मग पुढचा तुकडा. उस्ताद आधी नमूना देतो, मग बयानासोबत नमूना, मग पोरांचा अभ्यास. गावातून आलेल्या आणि पायात आयुष्यात पहिल्यांदा बूट घातलेल्या पोरांना ही पद्धत काही महिन्यांत परेडसाठी उभी करते. तिथं कुणी म्हणत नाही की मार्चिंग रक्तात असावं लागतं.

हीच पद्धत गिटारवर लावून पाहा. ए मायनरवरून सी वर जायचं आहे. ए मायनरमध्ये पहिलं बोट बी तारेच्या पहिल्या फ्रेटवर, दुसरं डी तारेच्या दुसऱ्यावर, तिसरं जी तारेच्या दुसऱ्यावर. सी मध्ये पहिली दोन बोटं जागची हलतच नाहीत. फक्त तिसरं बोट जी तार सोडून ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जातं. दोन जवान सावधानमध्ये, तिसरा एक कदम सरकतो. हे कुणी सांगितलं नाही तर नवशिक्या दर वेळी तिन्ही बोटं हवेत उचलतो आणि सगळी तुकडी नव्यानं उभी करतो. तसंच ए मायनर आणि ई मेजर : तीच आकृती, जशीच्या तशी एक तार जाड बाजूला. ही दोन वाक्यं शिकवायला एक मिनिट लागतं आणि नवशिक्याचे दोन आठवडे वाचतात.

मग मोजणी. घड्याळ लावा, एका मिनिटात अशी किती अदलाबदल स्वच्छ होते ते मोजा आणि वहीत लिहा. आठ असेल तर आठ. रोज लिहा. तीसच्या आसपास पोचेपर्यंत त्या जोडीचं गाणं हातात घ्यायचं नाही. मेट्रोनोम ६० वर ठेवा. आपला 'तेज चल' मिनिटाला १२० कदमांचा, तर हा त्याच्या निम्मा. उजवा हात खाली-वर चालतच राहिला पाहिजे, डावा वेळेवर पोचला नाही तरी. मार्चमध्ये पाय चुकला म्हणून कुणी उभं राहत नाही, चालता चालता कदम बदलतो. एफ कॉर्ड पहिले तीन महिने सहा तारांवर धरायचाच नाही. वरच्या चार तारांवरचा छोटा एफ धरा, कुणी हसणार नाही. रोज पंधरा मिनिटं, नव्वद दिवस, एकही दिवस न चुकता. कंटाळवाणं आहे? आहे. रगडा म्हणतात तो हाच.

वयाबद्दल एकच सांगतो, कारण माझ्या वयाचे मित्र हेच कारण पुढे करतात. चाळिशीत बोटं वीस वर्षांच्या पोरासारखी धावत नाहीत हे कबूल. पण नवशिक्याला जी चार-सहा हालचाल करायची असते तिच्यात वेगाचा प्रश्नच नसतो, नेमकेपणाचा असतो. आणि नेमकेपणा, सबुरी, वहीत नोंद ठेवणं या गोष्टी चाळिशीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा बऱ्या जमतात.

आणखी एक टोमणा असतो, तो आपल्या मराठी घरांत जास्त. "गिटार काय, परकं वाद्य, टाइमपास. शिकायचंच तर सतार शिक, पेटी शिक." जरूर शिका. पण परकं म्हणताना जरा थांबा. व्हायोलिन परकं, हार्मोनियमही परकीच. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग वाजवले. विश्वमोहन भट्टांनी गिटारला जादा तारा जोडून मोहनवीणा केली आणि राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. गझला गाणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते भूपिंदर सिंग आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत. गोव्यात मांडो गिटारच्या साथीनं गायला जातो. शिलाँगमध्ये लू माजॉ नावाचा गायक १९७२ पासून दर २४ मे ला बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करतो. ईशान्येकडच्या माझ्या जवानांपैकी अनेकांच्या घरात गिटार अशी असते जशी आपल्याकडे भिंतीला टाळ. त्यांच्या बराकीत गिटार कपाटावर जात नाही. कारण सोपं आहे. तिथं थोरला भाऊ धाकट्याच्या हातात देण्याआधी ती स्वतः लावून, जुळवून देतो आणि पहिले दोन कॉर्ड शेजारी बसून दाखवतो. आपण ज्याला त्यांच्या रक्तातलं संगीत म्हणतो त्यातला बराच भाग म्हणजे हा थोरला भाऊ.

हे सगळं इतक्या तावातावानं लिहायचं कारण सांगतो. माझ्याकडे लातूर जिल्ह्यातला एक शिपाई होता. सुट्टीवरून येताना त्यानं पगारातून गिटार आणली. स्वस्तातली, चकचकीत, काळी. महिनाभर रोज संध्याकाळी बसायचा. मग बसणं बंद झालं. विचारलं तर म्हणाला, "साहेब, आपली बोटं नांगराची. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही."

त्या वाक्यानं मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. राग त्याचा नव्हता. ज्यानं ती गिटार त्याला विकली आणि ज्यानं मोबाइलवरच्या व्हिडिओतून त्याला सांगितलं की दुखतंय म्हणजे बरोबर चाललंय, त्यांचा होता. पाच कार्डं घातली, पाचवं अडकत अडकत गेलं. म्हणजे जाड तारेखाली पावणेचार मिलिमीटरच्या वर. युनिटच्या आर्मररला बोलावलं. रायफलच्या बाबतीत केसाइतका फरक ओळखणारा माणूस, त्याला व्हर्नियर आणि पॉलिश पेपर नवा नाही. मानेतला ट्रस रॉड थोडा आवळून मानेचा बाक कमी केला. ब्रिजवरची सॅडलची पट्टी काढून खालून दोन मिलिमीटर घासली. सॅडल जितकी खाली येते त्याच्या निम्मं अंतर बाराव्या फ्रेटवर कमी होतं, हे त्या आर्मररनं मला न विचारता स्वतः हिशोबानं काढलं. १० गेजच्या तारा मागवून घातल्या. एकूण काम तासाभराचं, खर्च फक्त तारांचा. त्यानंतर तीन कार्डं. शिपायानं ई मायनर धरला, छेडला आणि सहाही तारा वाजल्या. तो गिटारकडे बघत राहिला, मग स्वतःच्या बोटांकडे.

मुद्दा हा आहे. चांगली, नीट लावलेली गिटार मोठ्या शहरातल्या बऱ्या दुकानात मिळते आणि ती बऱ्या घरातल्या पोराला मिळते. त्याची बोटं कमी दुखतात, त्याला लवकर येतं आणि लोक म्हणतात, पोरात टॅलेंट आहे. उंच तारांची गिटार शेतकऱ्याच्या पोराला मिळते. त्याला येत नाही, आणि तो दोष स्वतःच्या बोटांवर घेतो, नांगरावर घेतो, बापजाद्यांवर घेतो. दोन मिलिमीटर प्लास्टिक घासायचं राहिलं म्हणून एक माणूस आयुष्यभर समजतो की संगीत आपल्यासारख्यांसाठी नसतं. हे मला मान्य नाही.

आमच्या पेशात याची किंमत जरा जास्त आहे. दूरच्या पोस्टवर हिवाळ्यात संध्याकाळ चार वाजता सुरू होते आणि संपता संपत नाही. नेटवर्क असेल तर प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये, नसेल तर भिंतीकडे. दहा जण एका बुखारीभोवती बसून एकमेकांशी न बोलता तीन तास काढू शकतात, हे मी पाहिलं आहे. तिथं एकाला तीन कॉर्ड येत असतील तर नऊ जण गातात. बेसूर गातात, पण गातात, आणि मग बोलतातही. कुणाच्या घरी काय चाललंय, कोण पत्रापेक्षा जास्त गप्प झालाय, हे अशा वेळी कळतं. कमांडरला ते कळणं फार गरजेचं असतं.

तिथं गिटार नेणाऱ्यांनी हवेचंही ध्यान ठेवावं. लाकूड ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असतं. लडाख किंवा राजस्थानच्या कोरड्या हवेत ते आकसतं, वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटवर भणभणतात आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोचायला लागतात. आसामच्या पावसाळ्यात उलट, फळी फुगते आणि तारा उंचावतात. पोस्टिंग बदललं की कार्डं घालून पुन्हा मोजा. नवी जागा, नवं झिरोइंग. फळी एकसंध लाकडाची नसून प्लायची असेल तर ती आवाजाला थोडी डावी, पण या हवेत जास्त टिकते. पोस्टवर तीच न्या.

तेव्हा मागणं थोडंच आहे. विकणाऱ्यांनी तारांची उंची मोजून द्यावी, आणि देत नसतील तर गिऱ्हाइकानं कार्डं काढून त्यांच्या समोर मोजावी. शिकवणाऱ्यांनी पहिल्या तासाला विद्यार्थ्याच्या बोटांआधी त्याचं वाद्य तपासावं. भाच्याला गिटार घेऊन देणाऱ्या मामांनी रंग बघण्याआधी बारावा फ्रेट बघावा आणि सोबत १० गेजच्या तारांचा एक संच द्यावा. ज्यांची गिटार कपाटावर आहे त्यांनी ती आज खाली काढावी, धूळ पुसावी आणि पाच कार्डं घेऊन बसावं. चार सहज गेली, तर 'आपल्यात ते नाही' हे वाक्य मागे घ्या आणि जवळचा कुणी घासकाम जाणणारा माणूस गाठा. तीनच गेली, तर मात्र सबब संपली. मेट्रोनोम साठवर लावा, ए मायनर ते सी, पहिली दोन बोटं जागेवर, तिसरं सरकवा. गिनती से. एक.